बास काठाशी आणि गळ तळ्याच्या मध्यावर: लार्जमाउथ पकडताना या चुका टाळा

डॅलसच्या उत्तरेला फ्रिस्को, प्लेनो भागात आता मराठी घरं बरीच आहेत आणि त्यातल्या अनेक घरांच्या मागे चालत जाण्याच्या अंतरावर एखादं तळं असतं. त्या तळ्यांतून बहुधा लार्जमाउथ बास, म्हणजे मोठ्या तोंडाचा गोड्या पाण्यातला शिकारी मासा, असतो. संध्याकाळी बापलेक नवा रॉड घेऊन काठावर उभे राहतात, जोर लावून तळ्याच्या मधोमध आमिष फेकतात, भराभर रील फिरवून परत आणतात आणि तासाभराने "इथे मासेच नाहीत" म्हणून घरी जातात. मासे असतात, पण बहुतेक वेळा त्यांच्या पायापासून दहा फुटांवर.

बास पाठलाग करत हिंडणारा मासा नाही. तो दबा धरून बसतो. पाणकणसाची कड, कमळाच्या पानांची सावली, पाण्यात पडलेलं झाड, लाकडी धक्क्याचे खांब अशी एखादी आडोशाची जागा धरायची आणि समोरून जाणाऱ्या छोट्या माशावर किंवा क्रॉफिशवर (गोड्या पाण्यातला, नांग्या असलेला झिंग्यासारखा प्राणी) झडप घालायची. गावाकडे ज्यांनी मरळीसाठी गळ टाकला आहे, त्यांना हा स्वभाव ओळखीचा वाटेल. तेव्हा मधल्या उघड्या पाण्यात आधी फेकू नका. काठाला समांतर फेका, म्हणजे आमिष सगळा वेळ कामाच्या पाण्यातून येतं. आणि पाण्याला अगदी लागून उभे राहू नका. बासला पाण्यातली कंपनं अंगावरच्या संवेदनरेषेने जाणवतात. उथळ, स्वच्छ पाण्याच्या कडेला धप्प धप्प पावलं टाकली किंवा आपली सावली पुढे पडली, की जवळचा मासा निघून जातो. दोन पावलं मागे राहून पहिला गळ टाकावा. पोलराइज्ड गॉगल असेल तर पाण्यावरची चकाकी कमी होऊन खालचे आडोसे दिसतात. नवशिक्याने तिसऱ्या रॉडआधी हा गॉगल घ्यावा, असं मी आग्रहाने सांगेन.

आमिष खूप, सबुरी कमी

दुकानातली भिंतभर रंगीत आमिषं पाहून डबा भरतो आणि मग दर पाच मिनिटांनी आमिष बदललं जातं. सुरुवातीला दोन मांडण्या पुरतात. पहिली वॅकी रिग: पाच इंची मऊ प्लास्टिकचा स्टिक वर्म (काडीसारखा नकली गांडूळ), त्याच्या बरोबर मध्यातून आडवा घातलेला छोटा हुक, शिसं नाही. दुसरी टेक्सास रिग: बंदुकीच्या गोळीच्या आकाराचं छोटं वजन, ३/० मापाचा ऑफसेट हुक (डोळ्याजवळ वाक असलेला) आणि हुकाचं टोक वर्मच्या अंगातच लपवलेलं. गवतात, फांद्यांत ती सहसा अडकत नाही. टोक लपवताना वर्म सरळ बसला पाहिजे. तो वाकडा राहिला तर पाण्यात गरगर फिरतो, दोरीला पीळ पडतो आणि पुढचा अर्धा तास गुंता सोडवण्यात जातो. वजन १/८ औंसापासून सुरू करा. वारा किंवा खोली जास्त असेल तरच वाढवा.

आता या दोन्हींमधली खरी गोम. वॅकी रिगचा वर्म टाकल्यावर काहीच करायचं नसतं. तो आडवा, दोन्ही टोकं थरथरवत, हळूहळू खाली जातो आणि बास बहुधा त्या खाली जाण्यातच तो उचलतो. लोक नेमक्या त्याच वेळी रील फिरवतात. दोरी थोडी सैल ठेवा, वर्म तळाला टेकू द्या, रॉडचं टोक दीड-दोन फूट उचला, पुन्हा खाली जाऊ द्या. इतकंच. थंडीची लाट येऊन गेल्यावर आकाश निरभ्र असतं तेव्हा बास आडोशाला अगदी चिकटून बसतो आणि फार हलत नाही. त्या दिवशी याच्या निम्म्या वेगाने काम करायचं.

"मासा लागलाच नाही" की कळला नाही?

बासचा चावा म्हणजे रॉडला जोराचा हिसका, ही समजूत बरेच मासे घालवते. मोठा बास जबडा उघडतो आणि पाण्यासकट आमिष आत ओढतो. हाताला कधी बारीकशी टिचकी जाणवते, कधी काहीच नाही. म्हणून नजर दोरी पाण्यात शिरते तिथे ठेवा. दोरीने टुणकन उडी मारली, ती आडवी सरकू लागली, किंवा सहा फूट खोल जायला हवा असलेला वर्म तीन फुटांवरच थांबला, तर तोंडात मासा आहे असंच धरा. वाऱ्याने दोरीला मोठा बाक आला असेल तर हे काही दिसत नाही. तेव्हा रॉडचं टोक खाली घ्या आणि शक्यतो वाऱ्याची दिशा धरून फेका.

पुढची चूक हिसका देण्यात. टेक्सास रिगमध्ये हुकाला आधी प्लास्टिक भेदायचं असतं, म्हणून रॉडचं टोक खाली नेऊन सैल दोरी गुंडाळा आणि मग ठामपणे मागे ओढा. सैल दोरीवर मारलेला हिसका हुकापर्यंत पोहोचतच नाही. वॅकी रिगचा हुक बारीक आणि उघडा असतो. तिथे तसाच जोर लावला तर आठ पौंडी दोरी तुटते. नुसती दोरी ताणून रॉड मागे झुकवला की पुरे. पानांवरून बेडकाच्या आकाराचं नकली आमिष ओढताना याच्या उलट गडबड होते: पाणी फुटलेलं दिसताच हात उडतो आणि आमिष माशाच्या तोंडातून बाहेर येतं. वजन जाणवेपर्यंत थांबा.

लागलेला मासा उडी मारून सुटत असेल तर दोरी सैल पडते आहे. तो वर येऊ लागला की रॉडचं टोक पाण्याकडे झुकवा आणि ताण सोडू नका. ड्रॅग, म्हणजे मासा ओढू लागला की दोरी सुटू देणारा रीलचा ब्रेक, घट्ट आवळून ठेवू नका. दोरीच्या ताकदीच्या साधारण पाव ते एक तृतीयांश ताणावर तो सुटायला हवा. गाठीपाशीच दोरी तुटत असेल तर गाठ आवळण्याआधी ओली केली होती का ते आठवा. कोरडी गाठ घर्षणाने तापते आणि दोरी तिथेच कमकुवत होते. हुक बांधायची पालोमार गाठ शिकायला सोपी आणि भक्कम आहे.

हातात आल्यावर

हात ओले करूनच मासा धरा. कोरड्या हाताने त्याच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो आणि तोच त्याचं रोगापासून रक्षण करतो. खालचा जबडा अंगठ्याने धरला तर मासा उभा लटकू द्या. फोटोसाठी आडवा करायचा असेल तर दुसरा हात पोटाखाली हवाच, नाहीतर सगळं वजन जबड्याच्या सांध्यावर येतं. हुक घशात खोल गेला असेल तर ओढाताण न करता दोरी हुकाजवळ कापा.

टेक्सासमध्ये पाणी साधारण ६० अंश फॅरनहाइटला पोहोचलं की, म्हणजे फेब्रुवारी ते मे दरम्यान, बास उथळ पाण्यात घरटी करतो आणि नर अंड्यांची राखण करतो. तो जागा सोडत नाही, म्हणून सहज लागतो. मी अशा नराला मुद्दाम गळ टाकू नये असं मानतो, आणि लागलाच तर फोटो न काढता तिथल्या तिथे सोडावा, कारण नर दूर गेला की ब्लूगिल नावाचे छोटे मासे अंडी खाऊन टाकतात.

१७ वर्षं पूर्ण झालेल्यांना सहसा मासेमारीचा परवाना लागतो. राज्याच्या स्टेट पार्कमध्ये काठावरून मासेमारीला मात्र तो लागत नाही, त्यामुळे भारतातून आलेल्या आईबाबांना पहिल्यांदा तिथेच न्यावं. घरी नेण्यासाठी सर्वसाधारण मर्यादा दिवसाला पाच बास आणि किमान १४ इंच लांबी अशी आहे, पण जागोजागी नियम वेगळे असतात. पूर्व टेक्सासमधल्या लेक फोर्क तलावावर १६ ते २४ इंचांमधला प्रत्येक लार्जमाउथ परत सोडावा लागतो. तेव्हा मोजपट्टी पिशवीत असू द्या आणि त्या तळ्याचा नियम निघण्याआधी टेक्सास पार्क्स अँड वाइल्डलाइफ या राज्याच्या खात्याच्या साइटवर पाहून घ्या.