बेळगावहून आंबोली: मित्रांसोबतचा शनिवार-रविवार कसा आखावा

आंबोलीच्या बाबतीत आम्हा बेळगावकरांची एक ठरलेली चूक होते. अंतर जेमतेम ७० किलोमीटरांच्या घरात असल्यामुळे रविवारी सकाळी दहाला निघू, धबधब्याखाली भिजू, जेवू आणि दिवेलागणीला घरी येऊ, असा बेत होतो. आणि कोल्हापूर, गोवा व सिंधुदुर्गातील लोकांनीही नेमका तोच बेत केलेला असल्यामुळे, धबधब्यापेक्षा पुढच्या गाडीची डिकीच जास्त वेळ पाहून सगळे परततात. म्हणून पहिली सूचना अशी की, शनिवारी पहाटे निघावे, एक रात्र मुक्काम करावा आणि रविवारी बाहेरगावच्या गाड्या यायला लागण्याआधी आंबोली सोडावी.

दिवस ठरवताना पावसाचा विचार आधी करावा. आंबोलीला वर्षाकाठी साधारण ७,५०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्याचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच कोसळतो. जुलैमध्ये धबधबे भरात असतात, परंतु धुक्यामुळे कड्यावरून खालची दरी दिसेलच असे नाही. दरी, कोकणपट्टी आणि मोकळे आकाश पाहायचे असेल, तर सप्टेंबरची अखेर किंवा ऑक्टोबर निवडावा. सीमाभागात राहणाऱ्यांना वेगळे सांगायला नको, तरीही १ नोव्हेंबरच्या, म्हणजे कर्नाटक राज्योत्सवाच्या, आसपास किंवा सीमाप्रश्न तापलेला असताना शिनोळीच्या पलीकडे जाण्याचा बेत एक आठवडा पुढे ढकललेला बरा.

एका गाडीत चौघे उत्तम, पाच चालतील, सहावा मित्र कितीही प्रिय असला तरी त्याच्यासाठी दुसरी गाडी काढावी, कारण परतताना ओले कपडे, ओले बूट आणि ओली माणसे यांना जातानापेक्षा दीडपट जागा लागते. काँट्री, म्हणजे खर्चाची वर्गणी, निघण्यापूर्वीच काढावी. प्रत्येकाकडून ठरावीक रक्कम घेऊन ती एकाच्याच हाती द्यावी आणि पेट्रोल, जेवण, चहा सारे त्याच पैशांतून भागवावे. ‘नंतर बघू’ म्हणणारा मित्र प्रत्येक कंपूत असतो आणि तो कोण, हे सर्वांना माहीत असते. काही रक्कम रोख ठेवावी, कारण मुसळधार पावसात रेंज गेली की मोबाइलवरून पैसे देणे अडते.

गाडीच्या बाबतीत तीन गोष्टी आदल्या दिवशी तपासाव्यात: वायपरचे रबर, टायरची नक्षी आणि ब्रेक. वायपरचे रबर उन्हाळ्यात कडक झालेले असते, आणि ते पाणी पुसत नाही, नुसते पसरवते, हे चंदगडच्या पुढे गेल्यावरच कळते. परवाना, विमा आणि प्रदूषण प्रमाणपत्र जवळ ठेवावे. पेट्रोलची टाकी बेळगावातच भरावी.

रस्ता बेळगाव-वेंगुर्ला मार्गाचा आहे. हिंडलगा, सुळगा, तुरमुरी, बाची करत शिनोळीला महाराष्ट्रात प्रवेश होतो आणि पुढे पाटणे फाटा, नागनवाडी मागे टाकत चंदगडच्या बाजूने आंबोली गाठता येते. पावसाळ्यात खड्डे धरून दोन ते अडीच तासांचा हिशेब ठेवावा. नकाशावर ‘आंबोली’ हेच ठिकाण टाकावे. केवळ ‘सावंतवाडी’ टाकल्यास फोन तिलारीच्या घाटाने जायला सुचवू शकतो, आणि तो तीव्र उताराचा रस्ता पावसात नवख्या चालकासाठी नाही.

येथे एक गंमत लक्षात घ्यावी. बेळगाव समुद्रसपाटीपासून ७५० मीटरांच्या आसपास आहे आणि आंबोली सुमारे ६९० मीटरांवर. म्हणजे थंड हवेच्या ठिकाणी जाण्यासाठी आपण प्रत्यक्षात थोडे खाली उतरतो! प्रसिद्ध घाट आंबोली गावाच्या पलीकडे, सावंतवाडीच्या बाजूला सुरू होतो. त्यामुळे बेळगावहून जाणाऱ्या चालकाची परीक्षा वळणांपेक्षा धुके घेते.

धुक्यात गाडी चालवण्याची रीत नीट समजून घ्यावी. हेडलाइट डिपरवरच ठेवावेत. अप्पर केल्यास प्रकाश धुक्यावर आपटून डोळ्यांवर येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. चारही इंडिकेटर लावून गाडी पळवण्याची सवय सोडावी, कारण मागच्याला आपण थांबलो आहोत की वळत आहोत, हे समजत नाही. ते गाडी कडेला उभी केल्यावरच लावावेत. समोरची काच आतून धुरकट झाली, तर शेजारच्या मित्राला फडके घेऊन पुसायला सांगू नये. आमच्या एका मित्राने भर वळणावर अशी काच पुसताना त्याचा हात चालकाच्या नेमका डोळ्यांसमोर आला होता. भिजलेल्या पाच जणांच्या श्वासाचीच ती वाफ असते. एसी चालू करून हवेचा झोत काचेकडे वळवला आणि बाहेरची हवा आत घेतली, की थोड्याच वेळात काच स्वच्छ होत जाते. थंडी वाजते, पण तेवढी सोसावी.

मुक्कामाची खोली फोनवर नुसती सांगून ठेवू नये. एकदा आम्ही भर पावसात पोहोचलो, तेव्हा आमची खोली मालकाने आधी आलेल्या कुटुंबाला देऊन टाकली होती आणि उरलेली दुपार दुसरी खोली शोधण्यात गेली. थोडी आगाऊ रक्कम पाठवून पावती किंवा निदान मेसेज घ्यावा. महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान आहे, खासगी लॉज आणि घरगुती सोयीही आहेत. पोहोचल्याबरोबर जेवण सांगून ठेवावे. कोंबडी-वडे ऐन वेळी सांगितले, तर तासभर ताटाकडे पाहत बसावे लागते.

सगळी ठिकाणे पाहण्याचा हट्ट धरू नये. शनिवारी सकाळी मुख्य धबधबा उरकावा. तो गावापासून सुमारे ३ किलोमीटर खाली, घाटरस्त्याला लागूनच आहे, म्हणून गाडी वळणावर न लावता ठरलेल्या जागीच लावावी आणि खाण्याच्या पिशव्या माकडांना दिसतील अशा हातात धरू नयेत. दुपारी गेळे गावाकडील कावळेसाद पॉइंटवर जावे. तेथे दरीतून वर येणारा वारा धबधब्याचे पाणी परत माथ्यावर उडवतो आणि खालून वर येणारा पाऊस अंगावर घेता येतो. मात्र कठडा ओलांडून फोटो काढण्याची मुभा कोणालाही देऊ नये, मग तो रुसला तरी चालेल. महादेवगड पॉइंट सूर्यास्तासाठी. धुके असेल तर खुशाल वगळावा.

रात्री जेवणानंतर स्थानिक वाटाड्या मिळाल्यास बेडूक पाहायला जरूर जावे. मलबार ग्लायडिंग फ्रॉग हा हिरवागार उडता बेडूक पावसात पाण्यावर झुकलेल्या फांद्यांवर फेसाची घरटी करतो. आंबोली टोड हा २००९ साली शास्त्रीय नोंद झालेला छोटा भेक याच परिसरातील कातळसड्यांचा रहिवासी आहे. पायात गमबूट आणि हातात टॉर्च असल्याशिवाय निघू नये, कारण मलबार चापडा हा विषारी सापही याच झुडपांत असतो. जळवा लागणारच. त्यांना ओढून न काढता मीठ किंवा तंबाखूचे पाणी लावावे, अशी रीत सांगतात. माझ्या मते नखाने कडेने अलगद सोडवणे अधिक बरे, त्याने जखम कमी चिडते.

रविवारी सकाळी हिरण्यकेशीला जावे. गुहेतून नदी उगम पावते, तेथे महादेवाचे देऊळ आहे. समोरच्या कुंडात शिस्टुरा हिरण्यकेशी नावाचा मासा राहतो. त्याची नोंद २०२० साली झाली आणि २०२१ मध्ये ही जागा जैविक वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. तेव्हा कुंडात साबण, शाम्पू किंवा निर्माल्य जाऊ देऊ नये.

परतीसाठी वेळ हाताशी असल्यास आल्या वाटेने न येता आजरा, गडहिंग्लज, संकेश्वर असा फेरा घ्यावा. तो बराच लांब पडतो, परंतु सकाळी पाहिलेली हिरण्यकेशीच या तिन्ही गावांच्या आसपास पुन्हा भेटत राहते, आणि गुहेतले ते नितळ पाणी संकेश्वरपर्यंत येता येता उसाच्या मळ्यांतून वाहणारी तांबूस, रुंद नदी होऊन जाते. पुढे ती घटप्रभेला मिळते. संकेश्वरला राष्ट्रीय महामार्ग लागतो, हत्तरगीच्या टोलनाक्यासाठी फास्टॅगमध्ये पैसे आहेत ना, ते आधीच पाहावे. हिशेब मात्र वंटमुरीच्या घाटाआधी, चहाच्या टपरीवर बसून पुरा करावा, कारण काकती दिसू लागली की ज्याला त्याला घराची घाई होते आणि राहिलेले दोन-तीनशे रुपये गाडीवाल्याच्याच अंगावर पडतात.