‘नेहरूंनी चीनला जागा दिली’ असा फॉरवर्ड आला, आता?

परराष्ट्र धोरणावरचा वाद सोसायटीच्या पार्किंगच्या वादासारखा नसतो. पार्किंगमध्ये निदान गाडी समोर उभी दिसते. इथे भांडणाऱ्या दोघांपैकी एकानेही मूळ कागद पाहिलेला नसतो. एकाने चॅनेल पाहिलेलं असतं, दुसऱ्याने त्या चॅनेलची टिंगल करणारं मीम. त्यामुळे फॉरवर्ड आला की लगेच उत्तर टाइप करायला बसू नका. आधी तो दावा फोडा. एका वाक्यात तीन-चार दावे कोंबलेले असतात, त्यातले एक-दोन खरे असतात, आणि त्यांच्या पाठीवर बसून बाकीचे आत येतात.

मराठी ग्रुपांवर वर्षातून दोनदा तरी येणारा फॉरवर्ड घेऊ: ‘सुरक्षा परिषदेतली कायमची जागा भारताला मिळत होती, नेहरूंनी ती चीनला देऊन टाकली.’ हे कागदावर उतरवा आणि तुकडे पाडा.

पहिला तुकडा, भारताला जागा सुचवली गेली का? हो. ऑगस्ट १९५० मध्ये वॉशिंग्टनमधल्या राजदूत विजयालक्ष्मी पंडित यांनी नेहरूंना पत्रातून कळवलं की अमेरिकी परराष्ट्र खात्यात अशी कल्पना घोळते आहे. जून १९५५ मध्ये मॉस्कोत सोव्हिएत पंतप्रधान बुल्गानिन यांनीही भारताला पुढे-मागे सुरक्षा परिषदेचा सहावा कायम सदस्य करण्याचा विषय काढला.

दुसरा, रीतसर प्रस्ताव होता का? नाही. ती जागा देणं एकट्या अमेरिकेच्या हातात नव्हतंच. कायम सदस्यांची नावं संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या २३व्या कलमात लिहिलेली आहेत. ती बदलायची तर १०८व्या कलमानुसार आमसभेत दोन तृतीयांश मतं लागतात आणि शिवाय पाचही कायम सदस्यांची मंजुरी. १९५० मध्ये चीनच्याच प्रश्नावर रशिया सुरक्षा परिषदेवर बहिष्कार टाकून बसला होता. तो या बदलाला मंजुरी देईल, ही आशा फोलच होती.

तिसरा, नेहरूंनी नकार दिला का? हो, सूचनेला दिला. साम्यवादी चीनला डावलून ती जागा घेणं त्यांना पटत नव्हतं, आणि पत्रांत त्यांनी तसं स्पष्ट लिहिलं आहे. चौथा, जागा चीनला ‘दिली’ का? नाही. १९४५ पासून ती चीनचीच होती, फक्त त्यावर चीनचं जुनं सरकार बसलं होतं, जे १९४९ मध्ये तैवानला गेलं. बीजिंगला ती मिळाली ऑक्टोबर १९७१ मध्ये, आमसभेच्या ठरावाने. तोवर नेहरूंना जाऊन सात वर्षं झाली होती.

आता गंमत पाहा. नेहरूंच्या बाजूने बोलणारे हमखास एक कात्रण काढतात: २७ सप्टेंबर १९५५ रोजी नेहरूंनी लोकसभेत सांगितलं की औपचारिक किंवा अनौपचारिक, असा कुठलाही प्रस्ताव आलेला नाही. कात्रण खरं आहे. पण ‘अनौपचारिकही नाही’ हे त्यांच्याच १९५० च्या पत्रव्यवहाराशी जुळत नाही. म्हणजे ज्याने फॉरवर्ड पाठवला त्याच्याही हातात एक खरा मुद्दा आहे. तो तुम्ही आधीच मान्य केलात तर पुढचं बोलणं सोपं जातं. लपवलात तर कुणीतरी पत्राचा फोटो टाकेल आणि तुमचे बाकीचे तीन बरोबर मुद्देही त्याच्याबरोबर वाहून जातील.

उरतो पाचवा तुकडा: नकार देणं शहाणपणाचं होतं का? हे मत आहे. कागद दाखवून ते मिटत नाही आणि मिटवायला जाऊही नये. निम्मे वाद लांबतात ते वस्तुस्थिती आणि मत यांची खिचडी झाल्यामुळे.

उत्तर साधारण असं लिहायचं:

‘काका, अमेरिकेने आणि नंतर रशियाने जागेचा विषय काढला होता, हे बरोबर. पण रीतसर प्रस्ताव नव्हता, आणि सनद बदलल्याशिवाय ती जागा कुणी कुणाला देऊ शकत नव्हतं. चीनची जागा १९४५ पासूनची, बीजिंगला मिळाली १९७१ ला. नेहरूंनी सूचना स्वीकारून प्रयत्न तरी करायला हवा होता, असं तुमचं म्हणणं असेल तर ते मत म्हणून मला समजतं.’

एवढंच. फार लांब गेलात की मोबाइलवर ‘अधिक वाचा’ येतं, आणि ते कुणी दाबत नाही. काकांच्या वयाचा उल्लेख नको, ‘जरा वाचत जा’ नको, शेवटी हसणारी इमोजी तर मुळीच नको. तिचा अर्थ नेहमी कुत्सितच लागतो.

मतदान: तारीख आणि ठराव विचारा

‘भारताने गाझाच्या विरोधात मत दिलं’, ‘नाही, बाजूने दिलं’ असं दोघं भांडत असतील तर बहुतेक वेळा दोघं वेगवेगळ्या तारखांबद्दल बोलत असतात. २७ ऑक्टोबर २०२३ च्या आमसभेच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. १२ डिसेंबर २०२३ च्या युद्धबंदीच्या ठरावाला भारताने पाठिंबा दिला (बाजूने १५३, विरोधात १०, तटस्थ २३). १२ जून २०२५ ला पुन्हा तटस्थ, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये दोन राष्ट्रांच्या तोडग्याच्या जाहीरनाम्याला पाठिंबा. यातली एकच तारीख उचलली की हवी ती गोष्ट ‘सिद्ध’ करता येते.

ऑक्टोबरच्या त्याच दिवशी आणखी एक मतदान झालं होतं, जे दोन्ही बाजू विसरतात. मूळ ठरावात हमासचं नाव नव्हतं, ते घालणारी कॅनडाची दुरुस्ती होती. भारताने तिच्या बाजूने मत दिलं, पण दोन तृतीयांश न मिळाल्याने ती पडली. त्यानंतर मूळ ठरावावर भारत तटस्थ राहिला. ‘तटस्थ का?’ याचं उत्तर बरंचसं तिथेच आहे. आणि त्या ठरावाचे आकडे कुठे १२०-१४-४५ दिसतात, कुठे १२१-१४-४४, म्हणून कुणाला खोटारडं ठरवू नका. इराकने मागाहून आपलं मत दुरुस्त करून घेतलं, म्हणून दोन्ही आकडे छापून आले.

मराठीत यात एक जादा भानगड आहे. मतदानात ‘ॲबस्टेन’ करण्याला आपली वर्तमानपत्रं ‘तटस्थ राहणं’ म्हणतात. वाचणाऱ्याला वाटतं, भारताचं धोरणच तटस्थ आहे. मतदानातला तटस्थपणा वेगळा. कधी तो ‘ठरावाची भाषा पटली नाही’ असा असतो, कधी ‘मित्राला दुखवायचं नाही’ असा. नेमकं कारण हवं असेल तर मतदानानंतर भारताच्या प्रतिनिधीने दिलेलं स्पष्टीकरण वाचा. ते दोन-तीन परिच्छेदांचंच असतं. न्यूयॉर्कमधल्या भारताच्या कायम मिशनच्या संकेतस्थळावर ते मिळतं, आणि कुणी काय मत दिलं ते संयुक्त राष्ट्रांच्या डिजिटल ग्रंथालयात देशवार मिळतं. आणखी एक फरक लक्षात ठेवा. आमसभेचे असे ठराव बंधनकारक नसतात, सुरक्षा परिषदेचे असू शकतात. ‘ठराव झाला, तरी कुणी ऐकलं नाही’ असं म्हणण्याआधी ठराव कुठला ते पाहा.

शब्दांचं वजन

मुत्सद्द्यांच्या भाषेत ‘नोंद घेतली’, ‘चिंता वाटते’, ‘तीव्र चिंता’ आणि ‘निषेध’ या चढत्या पायऱ्या आहेत. आणि निषेध कशाचा, हे वेगळं. एप्रिल २०२२ मध्ये युक्रेनमधल्या बुचा शहरातल्या हत्यांचा भारताने सुरक्षा परिषदेत स्पष्ट निषेध केला आणि स्वतंत्र चौकशीच्या मागणीला पाठिंबा दिला. पण रशियाचं नाव घेतलं नाही. त्यामुळे ‘भारताने बुचाचा निषेध केला’ हे खरं, ‘भारताने रशियाचा निषेध केला’ हे खोटं, आणि ‘भारत गप्प बसला’ हेही खोटं. एका शब्दाच्या फरकावर इथे तीन ग्रुप फुटतात.

पक्षपात मोजायचा कसा

‘सगळा मीडिया विकला गेलाय’ हे वाक्य वादात निरुपयोगी आहे, कारण ते दोन्ही बाजू तितक्याच खात्रीने म्हणतात. पक्षपात दाखवायचा तर एक घटना घ्या, शक्यतो परराष्ट्र मंत्रालयाच्या प्रवक्त्याची साप्ताहिक पत्रकार परिषद. तिचा पूर्ण उतारा मंत्रालयाच्या संकेतस्थळावर असतो, म्हणजे मोजपट्टी हातात आली. मग त्याच दिवसाच्या तीन वर्तमानपत्रांतली तीच बातमी शेजारी-शेजारी ठेवा.

पहिल्यांदा मथळ्यातलं क्रियापद पाहा. प्रवक्त्याने उताऱ्यात म्हटलेलं असतं, ‘हे आरोप आम्ही फेटाळतो.’ एका मथळ्यात ‘फेटाळले’, दुसऱ्यात ‘सुनावले खडे बोल’, तिसऱ्यात ‘सणसणीत चपराक’. बातमी एकच, बहुधा वृत्तसंस्थेचीच, पण मथळा त्या त्या डेस्कवर लिहिला गेलेला. तारीख-ठिकाणाच्या ओळीत ‘वृत्तसंस्था’ किंवा ‘पीटीआय’ असेल आणि मजकूर तिन्हीकडे जवळपास सारखा असेल, तर झुकाव मथळ्यात शोधायचा. वार्ताहराच्या नावे ओरडू नका, त्याने ती बातमी लिहिलेलीच नसते.

मग दुसऱ्या बाजूचं म्हणणं कितव्या परिच्छेदात येतं ते मोजा. शेवटच्या ओळीत आलं, तर जागेअभावी कापताना तेच पहिलं जातं. त्यानंतर ‘समजते’, ‘सूत्रांच्या माहितीनुसार’, ‘बोलले जाते’ यांवर खुणा करा. मथळ्यात ठाम विधान आणि आत सगळं ‘समजते’ असेल, तर ती बातमी पुरावा म्हणून वापरू नका, तुमच्या बाजूची असली तरी. मथळ्याच्या शेवटी प्रश्नचिन्ह असेल तरीही नको.

एका दिवसाने काही सिद्ध होत नाही. एकाच विषयावरच्या दोन आठवड्यांतल्या दहा-बारा बातम्या पाहा, तेव्हा कुठे ‘हे वर्तमानपत्र या विषयावर झुकलेलं आहे’ असं म्हणायला आधार मिळतो. अग्रलेख यात धरू नका. अग्रलेखाला मत असायचंच, त्यासाठीच तो असतो.

माध्यम स्वातंत्र्याचा जागतिक निर्देशांकही असाच जपून वापरा. १८० देशांत भारत २०२३ मध्ये १६१वा होता, २०२४ मध्ये १५९वा. ‘सुधारणा झाली’ म्हणणाऱ्याने गुणही पाहावेत: ३६.६२ वरून ३१.२८ वर घसरले. क्रमांक वर गेला तो इतर देश आणखी घसरल्याने. उलट, २०२१ चा १४२वा आणि २०२२ चा १५०वा यांची तुलना करून ‘घसरण’ दाखवणाऱ्याने हे सांगायला हवं की २०२२ मध्ये मोजण्याची पद्धतच बदलली.

व्हिडिओ आला तर

मे २०२५ मध्ये भारत-पाक संघर्षाच्या दिवसांत ‘आर्मा ३’ या व्हिडिओ गेममधली दृश्यं युद्ध म्हणून फिरली. जानेवारी २०२५ मध्ये फिलाडेल्फियात पडलेल्या विमानाची दृश्यं कराची बंदरावरचा हल्ला म्हणून फिरली. तपासायला दहा मिनिटं लागतात. व्हिडिओ थांबवून वेगवेगळ्या क्षणांचे तीन-चार स्क्रीनशॉट घ्या. खालची पट्टी आणि लोगो कापा, नाहीतर शोध त्या अक्षरांवरच अडकतो. गूगल लेन्सवर टाका, आणि सापडलेल्यांतली सर्वांत जुनी तारीख शोधा. ती घटनेच्या आधीची निघाली की विषय संपला. काहीच सापडलं नाही तर ‘खोटं आहे’ असं लिहू नका. ‘हे कुठलं ते ठरत नाही’ एवढंच लिहा.

पीआयबी फॅक्ट चेक (केंद्र सरकारच्या पत्र सूचना कार्यालयाचा पडताळणी विभाग) परदेशी अफवांसाठी उपयोगी पडतं. पण सरकारच्या कारभाराबद्दलच्या दाव्यावर ते सरकारचंच म्हणणं असतं, तेव्हा त्याला एक बाजू म्हणून धरा. सरकारी आकडा हवा असेल तर लोकसभा-राज्यसभेतल्या तारांकित (तोंडी उत्तराच्या) आणि अतारांकित (लेखी उत्तराच्या) प्रश्नांची उत्तरं शोधा. सभागृहात चुकीचं उत्तर दिलं तर मंत्र्याला ते दुरुस्त करावं लागतं, म्हणून तिथे शब्द जपून वापरलेले असतात.

ग्रुपवर

फॉरवर्डवर दोन बाण असतील तर तो निदान पाच हातांतून आलेला आहे. पाठवणारा लेखक नाही, तेव्हा त्याला ‘तुम्ही खोटं बोलता’ म्हणणं चूक आणि बिनकामाचं. ‘हे कुठून आलं?’ विचारा. नातेवाइकांच्या ग्रुपवर थोरल्यांची चूक शक्यतो खाजगीत सांगा. दंगल, हल्ला, मृत्यू यांबद्दलचं खोटं असेल तरच ग्रुपवर, आणि तेही लगेच.

‘मग तेव्हा कुठे होतात?’ हा प्रश्न येणारच. ‘तोही विषय घेऊ, आधी हा संपवू’ एवढं म्हणून परत आपल्या तुकड्यावर या. ‘अंधभक्त’, ‘फुरोगामी’, ‘चमचे’ यांतलं काही सुरू झालं की तिथेच थांबा. त्यानंतर कुणी वाचत नाही, फक्त मोजतात.

कायद्याची भीती घालणारेही भेटतील. आक्षेपार्ह ऑनलाइन मजकुरासाठी अटक करता येणारं आयटी कायद्याचं ६६अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २४ मार्च २०१५ रोजी रद्द केलं. त्या खटल्याला निमित्त झालं होतं फेसबुक पोस्टवरून झालेली पालघरच्या दोन तरुणींची अटक. ग्रुपमधल्या दुसऱ्याच्या पोस्टसाठी नुसता ॲडमिन असल्याने कुणी दोषी ठरत नाही, असं मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं. मात्र समाजांत तेढ वाढवणाऱ्या मजकुरासाठी भारतीय न्याय संहितेचं १९६वं कलम आहे, आणि ‘फक्त फॉरवर्ड केलं’ हा बचाव पुरेलच असं नाही.

आणि तुमचंच चुकलं तर? व्हॉट्सॲपवर संदेश दुरुस्त करायला पंधरा मिनिटं मिळतात. तेवढ्यात आकडा किंवा तारीख बदला. वेळ टळली तर संदेश उडवू नका. ‘हा संदेश डिलीट केला’ ही ओळ मागे राहते आणि स्क्रीनशॉट तर कुणीतरी घेतलेलाच असतो. जुन्या संदेशालाच रिप्लाय करा, सुरुवातीला ‘दुरुस्ती:’ लिहा, चुकलेला आकडा आणि बरोबर आकडा दोन्ही द्या.