जुन्या गाडीचा कार्ब्युरेटर: स्क्रू फिरवण्याआधी फ्लोट बघा

जुनी गाडी मिसिंग करायला लागली की कोणीतरी स्क्रूड्रायव्हर घेऊन मिक्श्चर स्क्रूवर तुटून पडतो. ‘अर्धा आटा सोड, मग बघ कशी पळते!’ अशा माणसाला बॉनेटपासून लांब ठेवा. कार्ब्युरेटर म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनला देणारा भाग. सोलेक्स, झेनिथ, वेबर अशा बहुतेक कार्ब्युरेटरमध्ये हा स्क्रू फक्त स्लो स्पीडचं, म्हणजे अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतानाचं, मिश्रण ठरवतो. चढावर गाडी दम टाकते त्याला तो जबाबदार नसतो. एसयू या कंपनीच्या कार्ब्युरेटरचं मात्र वेगळं. तिथे जेट (पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची नळी) एकच असतो आणि तो वरखाली केला की सगळ्याच वेगांचं मिश्रण बदलतं. पुढचं सगळं पहिल्या जातीसाठी आहे.

प्लग, पॉइंटचा गॅप, टायमिंग, टॅपेट हे आधी ठीक करून घ्या. मग कार्ब्युरेटर खोला, धुवा, सगळ्या वाटांतून हवा मारा. जेटमध्ये तार घालायची नाही. पितळ मऊ असतं. वेबरच्या जेटवर 120 कोरलेलं असतं म्हणजे भोक 1.20 मिलिमीटरचं, तारेने खरवडलं की आकडा तोच राहतो, जेट तो राहत नाही.

आता फ्लोट, म्हणजे कार्ब्युरेटरच्या छोट्या टाकीत तरंगणारा पोकळ गोळा. तो वर आला की नीडल नावाची सुई दाबून पेट्रोलची वाट बंद करतो. लोक इथेच घाई करतात आणि मग महिनाभर स्क्रू पिळत बसतात. या छोट्या टाकीतल्या पेट्रोलची पातळी चुकली की पुढचं सगळंच चुकतं. पातळी जास्त असेल तर पेट्रोलचा वास, काळा धूर, गरम इंजिन सुरू व्हायला कुरकुर. कमी असेल तर लांब चढावर किंवा भरधाव असताना गाडी उपाशी पडते, कार्ब्युरेटरमधून फटफट उलटा आवाज येतो.

फ्लोट काढून कानाशी हलवा. आत पेट्रोल डचमळलं तर तो फुटलाय. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की बुडबुडे नेमकी जागा दाखवतात. (पाणी आधी तापवून बाजूला आणायचं, शेगडीजवळ हा उद्योग नको.) सोल्डरचा डाग द्यायच्या भानगडीत पडू नका. आत वाफ उरली असेल तर फ्लोट हातातच फुटेल, आणि डाग नीट बसला तरी वजन वाढून पातळी पुन्हा बदलते. सरळ नवा घाला.

पातळी ठरते ती झाकणापासून फ्लोट किती अंतरावर आहे त्यावर. हे माप घेतानाची खरी गोम नीडलमध्ये आहे. कितीतरी नीडलच्या फ्लोटकडच्या टोकाला स्प्रिंगवरची बारीक गोळी असते. झाकण उलटं धरलंत तर फ्लोटच्या वजनाने ती आत दबते आणि माप खोटं येतं. झाकण उभं धरा, फ्लोट लोंबू द्या, फ्लोटच्या पत्रीची जीभ गोळीला नुसती टेकली पाहिजे. त्या क्षणी माप घ्या. पॅकिंग लावून की काढून, हे तुमच्याच मॉडेलच्या मॅन्युअलमध्ये बघा. दुसऱ्या गाडीचा आकडा चालणार नाही. जीभ वाकवायची तर पक्कडीत धरून. फ्लोट दाबून वाकवलात तर नीडलचं टोक खराब होतं आणि ओव्हरफ्लो कायमचा पाठीमागे लागतो.

पातळी बरोबर असूनही ओव्हरफ्लो होत असेल तर पंपाचा दाब मोजा. नवे इलेक्ट्रिक पंप जुन्या नीडलला भारी पडतात.

जोडल्यावर इंजिन बंद ठेवून कार्ब्युरेटरच्या घशात बघत अ‍ॅक्सिलरेटर द्या: पेट्रोलची धार लगेच आली पाहिजे. मग इंजिन पूर्ण गरम करा, चोक उघडा आहे ना बघा. आता कुठे तो स्क्रू. तो हलकेच बसवून दीड आटा सोडा, तिथून थोडा थोडा फिरवत इंजिन सगळ्यात जोरात आणि एकसारखं चालेल ती जागा शोधा, आणि आरपीएम आयडल स्क्रूने (स्लो स्पीडचा वेग ठरवणारा दुसरा स्क्रू) खाली आणा. मिक्श्चर स्क्रू पूर्ण आवळला तरी इंजिनला फरक पडत नसेल तर पेट्रोल दुसरीकडून येतंय. आरपीएम नुसतेच वरखाली झुलत असतील तर मॅनिफोल्डचं (कार्ब्युरेटर ते इंजिन या नळीचं) पॅकिंग किंवा झिजलेला थ्रॉटल शाफ्ट (अ‍ॅक्सिलरेटरने फिरणाऱ्या झडपेचा दांडा) हवा खेचत असण्याची शक्यता मोठी. शाफ्ट बोटाने हलवून बघा. खुळखुळत असेल तर बुश बदलेपर्यंत ट्यूनिंग टिकणार नाही.