कलिंगडाचं फूल गळतंय म्हणून पंप उचलू नका

जानेवारीअखेर लावलेली कलिंगडं आता फुलावर आली आहेत आणि दरवर्षीचा घोळ सुरू झाला आहे. वेलाखाली पिवळ्या फुलांचा सडा दिसला की शेतकरी दुकान गाठतो. दुकानदार ‘सेटिंग’ची, म्हणजे फळ धरण्याच्या टॉनिकची, महागडी बाटली देतो, सोबत फुलकिड्यांसाठी कीटकनाशक, वर “एकाच पंपात मारा” हा सल्ला फुकट. सकाळी सातला फवारणी होते आणि पुढे वेल नुसता हिरवागार, फळ नाही.

गळलेलं फूल आधी उलटं करून बघा. पाकळ्यांखाली नुसता देठ असेल तर ते नर फूल. ते गळणारच, त्याचं आयुष्यच एका दिवसाचं. सुरुवातीला बहुतेक नर फुलंच येतात, त्यावर औषध कसलं मारता? मादी फुलाखाली इवलंसं केसाळ कलिंगड असतं, तो अंडाशय. पाकळ्यांच्या मधोमध तीन भागांची कुक्षी, म्हणजे पराग झेलणारा भाग. तिन्ही भागांवर पराग पुरेसा पडला तर फळ सारखं भरतं. एका बाजूला कमी पडला की वाकडं होतं आणि व्यापारी ते बाजूला काढतो. पराग चिकट असतो, वाऱ्याने जात नाही. मधमाशीच लागते, तीही एकाच फुलावर अनेकदा यावी लागते. फूल उघडं असतं सूर्योदयानंतर दुपारपर्यंत, एकच दिवस. नेमका तेव्हाच तुमचा पंप चालू!

म्हणून फुलोऱ्यात सकाळची फवारणी बंद, टॉनिकचीसुद्धा. इमिडाक्लोप्रिड, थायामेथोक्झाम ही कीटकनाशकं ठिबकमधूनही सोडू नका. असं आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत पसरणारं, औषध परागात आणि मधुरसात उतरतं. ढगाळ हवेत माशी तशीही कमी फिरते, तेव्हा तर हात आवराच. अगदीच गरज पडली तर सूर्यास्तानंतर ५ टक्के निंबोळी अर्क.

क्रॉप कव्हर, म्हणजे वेलांवर घातलेलं कापडी आच्छादन, मादी फुलं दिसताच काढा. किडीच्या भीतीने आठवडाभर जास्त ठेवणारे बरेच पाहिले. माशी आत जाणार कुठून?

एकरी 2 मधपेट्या, थोडी फुलं उमलल्यावर, संध्याकाळी आणून ठेवा. फार आधी आणल्या तर माशी शेजारच्या फुलोऱ्याची सवय लावून घेते. माझा आडाखा असा: सकाळी आठला सरीत पाच मिनिटं उभं राहून गुणगुण ऐकू आली नाही, तर त्या दिवशी हाताने परागीभवन करा. ताजं नर फूल तोडा, पाकळ्या मागे दुमडा, पुंकेसर कुक्षीच्या तिन्ही भागांवर हलके टेकवा. नऊच्या आत उरका.

बाकी कामं:
- ठिबक रोज थोडं. ताण नको, चिखलही नको
- पिवळे-निळे चिकट सापळे
- फळमाशीसाठी क्यू-ल्यूर (नर माशीला ओढणारं आमिष) सापळे
- वाकडी फळं लहानपणीच खुडणे
- फळाखाली वाळला पाला

बांधाला दोडका किंवा दुधी असेल तर हिशेब उलटा. त्यांची फुलं संध्याकाळी उमलतात, तिथे संध्याकाळची फवारणी नको. आणि शेजाऱ्याच्या पंपाची वेळ आजच विचारून घ्या, माशी तुमचा बांध ओळखत नाही.