वॉलआय गळाला लावायचा तर आधी उजेड ओळखा

वॉलआय हा उत्तर अमेरिकेतल्या तळ्यांत आणि नद्यांत मिळणारा शिकारी मासा. त्याचं सगळं गणित त्याच्या डोळ्यात आहे. दुधाळ काचेसारख्या दिसणाऱ्या त्या डोळ्याच्या पडद्यामागे उजेड परत फेकणारा एक थर असतो. त्यामुळे आपल्याला काळोख वाटेल अशा पाण्यातही त्याला भक्ष्य दिसतं. यलो पर्च आणि शायनर या लहान माशांना, म्हणजे त्याच्या नेहमीच्या खाण्याला, मात्र त्या उजेडात नीट दिसत नाही. हा फरक जेवढा वेळ टिकतो, तेवढा वेळ वॉलआय जोमाने खातो. आमिष कोणतं, रंग कोणता, यावर तासन्‌तास वाद घालता येतो, पण चुकीच्या वेळी टाकलेला उत्तम गळसुद्धा रिकामाच वर येतो.

स्वच्छ पाण्याच्या तळ्यात सूर्योदयाच्या आसपासचा तास आणि सूर्यास्तानंतरचा तास हे खरे तास. दुपारी जायचंच असेल तर वारा असलेला दिवस निवडा. फूटभर उंचीच्या लाटांना तिकडचे लोक ‘वॉलआय चॉप’ म्हणतात. लाटांनी उजेड विखुरतो, वाऱ्याने प्लवक एका किनाऱ्याकडे ढकललं जातं, त्यामागे बारीक मासे जातात आणि त्यांच्यामागे वॉलआय. म्हणून वारा पाठीशी घेऊन आडोशाला बसू नका. वारा ज्या खडकाळ टोकावर आदळतोय, तिथे जा. कॅनडातल्या मॅनिटोबा प्रांताच्या लेक विनिपेगसारख्या गढूळ पाण्यात मात्र भर दुपारीही मासा उथळात खातो, कारण तिथे उजेड खाली पोचतच नाही.

जागा हंगामाप्रमाणे बदलते. बर्फ वितळल्यावर पाणी साधारण ४२ ते ५० अंश फॅरनहाइट झालं की वॉलआय रात्री उथळ खडी-गोट्यांवर किंवा नदीत बंधाऱ्याच्या खाली अंडी घालतो. अंड्यांची राखण कोणी करत नाही. नर मात्र आधी येतात आणि उशिरा जातात. म्हणूनच अमेरिकेतल्या मिनेसोटा राज्यात मे महिन्याच्या मध्याला मासेमारीचा हंगाम उघडतो, तेव्हा ६ ते १२ फुटांत, खडीजवळ आणि नदीच्या मुखाशी मिळणारे मासे बहुतेक मध्यम आकाराचे नर असतात. उन्हाळ्यात पाणवनस्पतींची बाहेरची कड, १० ते १८ फुटांवर, आणि पाण्याखालचे खडकाळ उंचवटे शोधा. मिनेसोटातल्या मिल लॅक्ससारख्या तळ्यात खोल चिखलाच्या सपाट पठारांवरही मासा असतो. तिथे मेफ्लाय किड्यांच्या अळ्या चिखलातून वर येऊ लागल्या की वॉलआय त्याच खात बसतो. त्या दिवसांत मोठं आमिष बाजूला ठेवा आणि छोटी जळू अगदी हळू ओढा. शरद ऋतूत एकदम खोल उतरणाऱ्या खडकाळ कडांवर, २० ते ३५ फुटांत, मोठी मासोळी चालते.

साहित्यावर फार खर्च नको. साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम-लाइट ताकदीचा, टोक चपळ असलेला स्पिनिंग रॉड आणि २५०० आकाराचं रील पुरतं. मुख्य दोर १० पौंडी ब्रेडचा, म्हणजे विणलेल्या धाग्याचा, आणि पुढे ६ किंवा ८ पौंडी फ्लुरोकार्बनचा (पाण्यात जवळजवळ न दिसणाऱ्या प्लास्टिक दोराचा) लीडर, म्हणजे टोकाचा तुकडा. दोन्ही दोर डबल युनी गाठीने जोडा, जिग, म्हणजे डोक्याला शिशाचं वजन असलेला आकडा, पॅलोमार गाठीने बांधा. गाठ आवळण्याआधी ती ओली करा. कोरडी आवळली की घर्षणाच्या उष्णतेने फ्लुरोकार्बन कमजोर होतो आणि मोठा मासा लागला की तिथेच तुटतो.

जिग

एकच पद्धत शिकायची असेल तर ही शिका. वजनाचा ढोबळ हिशेब असा: १० फुटांपर्यंत १/८ औंस, १५ ते २० फुटांत १/४ औंस, जोराचा वारा किंवा प्रवाह असेल तर ३/८. तळ जाणवेल इतपतच जड, त्याहून जास्त नाही. जड जिग दगडासारखा आपटतो आणि माशाने तोंडात घेतलेला पटकन थुंकला जातो. फार हलका जिग तळाला पोचतच नाही. नवख्यांची निम्मी रिकामी फेरी याच एका कारणाने होते, कारण वॉलआय बहुतेक वेळ तळाच्या फूट-दीड फुटात असतो.

जिगला जिवंत मासोळी लावताना आकडा तिच्या तोंडातून घालून डोक्यामागून वर काढा. गळ टाका, जिग तळाला लागू द्या, दोर ताणून घ्या. आता रॉडचं टोक सहा ते बारा इंच उचला आणि जिग खाली जाताना टोकही त्याच्याबरोबर खाली आणा, दोर ढिला न सोडता. बहुतेक चावे खाली जातानाच येतात. ढिल्या दोरात ते कळत नाहीत. चावा म्हणजे दर वेळी झटका नसतो. कधी एक बारीक ‘टक’, कधी नुसता जडपणा, कधी जिग तळाला लागायला हवा त्याच्या आधीच दोर थांबतो. यातलं काहीही झालं की मनगटाने जोरात वर ओढा.

अर्धी चावलेली मासोळी वारंवार परत येत असेल तर मासा मागून धरतोय. जिगच्या आकड्याला दोन-तीन इंचांच्या दोराने १० नंबरचा छोटा तिहेरी आकडा बांधा आणि त्याचं एक टोक मासोळीच्या शेपटीजवळ हलकं अडकवा. पाणी थंड असेल तर एवढंही करू नका. जिग दुप्पट हळू हलवा, कधी कधी नुसता तळावर पडू द्या.

जिवंत आमिषाची जुळणी

मुख्य दोरात सरकतं शिसं घाला, मग एक मणी, मग १० नंबरचं स्विव्हल (दोराला पीळ पडू न देणारं फिरतं कडं). स्विव्हलच्या पुढे चार ते सहा फूट ६ पौंडी फ्लुरोकार्बन आणि टोकाला ६ नंबरचा आकडा. पाणी स्वच्छ असेल तर लीडर लांब ठेवा, गढूळ असेल तर तीन फुटांवर आणा. शिसं १५ फुटांपर्यंत १/४ औंस, २५ फुटांत १/२ औंस.

आमिष पाण्याच्या तापमानावर ठरतं. थंड पाण्यात मासोळी. पाणी ५० अंश फॅरनहाइटच्या वर गेलं की जळू. त्याखाली ती आकड्यावर गोळा होऊन बसते, पोहत नाही. आकडा तिच्या रुंद टोकाच्या चूषकातून घाला, म्हणजे ती मागे नीट वळवळते. भर उन्हाळ्यात गांडूळ. आकडा त्याच्या तोंडाच्या टोकाशी एकदाच टोचा आणि आमिषाच्या दुकानात मिळणाऱ्या हवा भरायच्या छोट्या बाटलीने शेपटीकडे हवेचा एक बुडबुडा भरा. गांडूळ तळापासून उचललं जातं आणि दिसतं. बाटलीची सुई बोटाकडे कधीही रोखू नका.

बोट ताशी अर्ध्या मैलाच्या आसपास, कडेला धरून. रीलची बेल (दोर अडवणारी तार) उघडी आणि दोर तर्जनीवर. जडपणा जाणवला की दोर सोडून द्या. सरकत्या शिशामुळे माशाला वजन लागत नाही. पाच ते दहा सेकंद थांबा, बेल बंद करा, माशाचं वजन जाणवेपर्यंत हळू गुंडाळा आणि मग रॉड लांब, सपाट ओढा. घाईने झटका दिला तर आमिष तोंडातून निसटतं. फार थांबलात तर आकडा घशात जातो. लहान मासे सोडायचे असतील तर थांबण्याचा वेळ कमी करा.

संध्याकाळी खडकाळ उंचवट्यावर मासा जमला असेल तर बोट नांगरून सरकता बॉबर (पाण्यावर तरंगणारा फ्लोट) वापरणं जास्त चांगलं. दोरावर थांब-गाठ, तिच्याखाली मणी, मग बॉबर, मग बारीक शिसं आणि जळू लावलेला आकडा. मणी विसरलात तर गाठ बॉबरच्या नळीतून निघून जाते आणि आमिष तळावर पडतं. तळापासून एक-दोन फूट वर ठेवा. शिसं एवढं की बॉबर कसाबसा तरंगेल.

विस्तीर्ण पाण्यात ट्रोलिंग, म्हणजे चालत्या बोटीमागे आमिष ओढणं, लागतं. अमेरिका-कॅनडा सीमेवरच्या लेक ईरीतले बरेचसे मासे वसंतात पश्चिमेच्या उथळ भागात अंडी घालून उन्हाळ्यात पूर्वेकडे सरकतात आणि मधल्या पाण्यात तरंगत शिकार करतात. तिथे क्रँकबेट (माशाच्या आकाराचं कृत्रिम आमिष) ताशी दीड ते अडीच मैलांनी ओढतात. तळाजवळ स्पिनर (फिरणारं चमकतं पातं) आणि गांडूळ ओढायचं असेल तर बॉटम बाउन्सर (तळाला टेकत जाणारं तारेचं वजन) वापरा, वेग ताशी एक मैलाच्या आसपास. दोर साधारण ४५ अंशांत राहिला पाहिजे. त्याहून आडवा झाला तर वजन वाढवा.

हिवाळ्यात गोठलेल्या तळ्यावर चालायला किमान ४ इंच नवा, पारदर्शक बर्फ हवा. पांढरा बर्फ त्याच्या निम्म्या ताकदीचा समजा आणि दर काही पावलांना जाडी मोजा. सूर्यास्ताच्या आधी अर्धा तास तरी आमिष पाण्यात असू दे: १/८ औंसचा चमकता स्पून (धातूचं आमिष), त्याला मासोळीचं फक्त डोकं. तीन-चार झटके द्या आणि स्थिर धरा. मासा झटक्यांनी येतो, पण स्थिर आमिषच घेतो.

लागलेला मासा ओळखून घ्या. शेपटीच्या खालच्या टोकाला पांढरा ठिपका असेल तर वॉलआय. ठिपका नसेल आणि पाठीच्या परावर काळ्या ठिपक्यांच्या ओळी असतील तर तो सॉगर, वॉलआयचा जवळचा भाऊबंद. कल्ल्याच्या झाकणाची कड धारदार असते, पाठीच्या पराचे काटे टोचतात, दात तर आहेतच. ओल्या हाताने पोटाखालून आधार द्या, डोळ्यांना बोट लावू नका. आकडा खोल गेला असेल तर खेचू नका, दोर कापून टाका. तीसएक फुटांपेक्षा खोलातून काढलेल्या माशाची हवेची पिशवी फुगते आणि सोडल्यावर तो बरेचदा मरतो. म्हणून हवे तेवढे मासे झाले की खोल पाण्यातली मासेमारी थांबवा. २० इंचांवरच्या बहुतेक माद्या असतात. त्या परत पाण्यात गेलेल्याच बऱ्या. किती ठेवायचे आणि कोणत्या मापाचे, हा नियम राज्याप्रमाणेच नव्हे, तर तळ्याप्रमाणे बदलतो, तेव्हा दर वर्षी नव्याने वाचा.

ठेवलेला मासा लगेच बर्फात घाला. कापताना कल्ल्यामागे मणक्यापर्यंत काप द्या, सुरी आडवी करून शेपटीपर्यंत न्या, फासळ्या वेगळ्या करा, कातडी सोडवा. पाइक या माशासारखे इंग्रजी वाय आकाराचे काटे यात नसतात. मधल्या रेषेत बारीक काट्यांची एक ओळ मात्र असते. तिच्या दोन्ही बाजूंनी काप देऊन पट्टी काढून टाका. गालातले गोल तुकडे फेकू नका, सगळ्यात मऊ मांस तेच.

तळं सोडताना बोटीचा बूच काढून सगळं पाणी तिथेच सोडा, चिकटलेल्या वनस्पती हाताने काढा आणि उरलेलं आमिष कचऱ्यात टाका, पाण्यात नाही. झेब्रा या उपद्रवी शिंपल्यांची पिल्लं डोळ्यांना दिसत नाहीत आणि पेलाभर पाण्यातूनही दुसऱ्या तळ्यात पोचतात. मिनेसोटात हा कायदाच आहे.