कॅमेऱ्याची स्क्रीन फुटलीय? पार्ट मागवण्याआधी या चुका टाळा

कॅमेरा हातातून पडला, मागे तडा दिसला, की निम्मे लोक पाच मिनिटांत ऑनलाइन डिस्प्ले शोधून पैसे भरून मोकळे होतात. फुटलंय नेमकं काय, हे बघायला कुणाला वेळ नसतो. मग आठवडाभराने पार्सल येतं आणि रडारड सुरू होते.

मागच्या बाजूला आपण ज्याला स्क्रीन म्हणतो ते खरं तर तीन थर असतात. सगळ्यात वर संरक्षक काच (स्वस्त, छोट्या कॉम्पॅक्ट कॅमेऱ्यांत प्लॅस्टिक), तिच्याखाली चित्र दाखवणारं एलसीडी पॅनेल आणि त्यामागे ते उजळवणारा दिवा, म्हणजे बॅकलाइट. चित्र स्वच्छ दिसतंय आणि तडा नखाला लागतोय, तर फक्त वरची काच गेली. शाई सांडल्यासारखा काळा डाग पसरतोय किंवा उभ्याआडव्या रेषा आल्यात, तर पॅनेल गेलं. सगळंच काळं असेल तर अंधारात टॉर्च तिरकी धरून बघा. पुसट मेन्यू दिसला तर पॅनेल शाबूत आहे, बॅकलाइट बंद पडलाय. तेही दिसत नसेल तर एचडीएमआय किंवा एव्ही केबलने कॅमेरा टीव्हीला जोडा. टीव्हीवर चित्र आलं तर आतला सर्किट बोर्ड ठीक आहे, दोष पॅनेलमध्ये किंवा ते बोर्डाला जोडणाऱ्या चपट्या पट्टीत, म्हणजे रिबनमध्ये. टीव्हीवरही काही नाही आणि केबल चांगली आहे, तर नवं पॅनेल घेऊन उपयोग नाही.

निकॉन डी९० किंवा डी७००० वाल्यांनी तर आधी एवढंच बघावं, की तडा बीएम-१० किंवा बीएम-११ या क्लिपने बसणाऱ्या पारदर्शक झाकणाला तर नाही ना. ते नखाने निघतं. झाकण फुटलं म्हणून अख्खा कॅमेरा उघडायला निघालेले लोक आहेत.

फिरत्या स्क्रीनचं बिजागर न तपासणे

ही चूक सगळ्यात महागात पडते आणि सगळ्यात जास्त वेळा होते. कॅनन ६००डी, निकॉन डी५१०० यांसारख्या बाहेर फिरणाऱ्या स्क्रीनमध्ये पॅनेलची रिबन बिजागरातून वळसा घेऊन बॉडीत जाते. वर्षानुवर्षं उघडझाप करून ती घडीपाशी चिरत जाते, आणि पडल्याचं निमित्त होतं. ठरलेला घटनाक्रम असा: कॅमेरा पडतो, कोपऱ्याला बारीक तडा जातो, चित्र गायब होतं. मालक तडा बघून पॅनेल बदलतो. जुळवाजुळव करताना रिबन थोडी हलते, चिरलेले तार टेकतात, चित्र येतं. चार दिवसांनी परत रेषा. विक्रेत्याने खराब माल दिला म्हणून भांडण, बदली पॅनेल, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला कुणीतरी बिजागराचं झाकण काढतं तेव्हा घडीवरची तुटकी रिबन दिसते. पॅनेलच्या दोन फेऱ्यांचे पैसे तोवर गेलेले असतात.

तपासणीला मिनिटभर लागतं. कॅमेरा चालू ठेवून स्क्रीन पूर्ण उघडा आणि अगदी हळू फिरवा. एखाद्या ठरावीक कोनात चित्र येत-जात असेल तर दोष रिबनचा. स्क्रीन आतल्या तोंडाने मिटली की चित्र बंद होतं, तो बिघाड नव्हे. तिथे मुद्दाम स्विच असतो.

फ्लॅशचा कपॅसिटर

बॅटरी काढली म्हणजे कॅमेरा मेला, या समजुतीने लोक थेट झाकण उघडतात. फ्लॅश असलेल्या कॅमेऱ्यात फ्लॅशसाठी वीज साठवणारा, पेन्सिल सेलच्या आकाराचा कपॅसिटर असतो, बहुधा फ्लॅशजवळ किंवा तळाशी. त्यात सुमारे ३०० व्होल्ट साठलेले असतात आणि बॅटरी काढल्यावरही बराच काळ टिकतात. कॉम्पॅक्टमध्ये त्याची टोकं मागचं झाकण काढताच बोटाखाली येतात. झटका तर बसतोच, वर हात हिसडला जाऊन रिबन उपटली जाते.

यावरचा प्रचलित 'शॉर्टकट' म्हणजे दोन्ही टोकांना स्क्रू ड्रायव्हर टेकवणे. ठिणगी उडते, टोक वितळतं, आणि पातं घसरून बोर्डावरच्या शेजारच्या तांब्याच्या रेषेवर टेकलं तर ३ व्होल्टवर चालणारा भाग ३०० व्होल्ट खाऊन जागीच संपतो. वाचवले किती, तर पाच-दहा रुपयांचा रेझिस्टर! १ ते २ किलोओहम, ५ वॅटचा रेझिस्टर मुंबईत लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात बुधवार पेठेत कुठेही मिळतो. त्याला इन्सुलेशन असलेल्या दोन वायरी जोडा, टोकांना पाच-दहा सेकंद धरा, मग मल्टिमीटर डीसी ६०० किंवा १००० व्होल्टवर ठेवून मोजा. आकडा १०च्या खाली आल्याशिवाय बोट घालू नका. आणि नवं पॅनेल चालतंय का हे बघायला मध्येच बॅटरी घातलीत, तर कपॅसिटर पुन्हा भरलेला असू शकतो. प्रत्येक चाचणीनंतर पुन्हा डिस्चार्ज, पुन्हा मोजणी. इथे कंटाळा करणाऱ्याने कॅमेरा उघडूच नये.

बाकीच्या चुका

मॉडेलच्या नावावर पॅनेल मागवू नका. एकाच मॉडेलमध्ये वेगवेगळ्या बनावटीची पॅनेलं सापडतात. जुनं काढा, मागचा आणि रिबनवरचा नंबर जुळवा, बॅकलाइट सोबत येतोय की नाही ते विचारा.

फक्त काच बदलायची असेल तर ती पॅनेलला चिकटवलेली आहे का ते आधी शोधा. २००९च्या कॅनन ७डीसारख्या कॅमेऱ्यांत काच आणि पॅनेल यांच्यामधली पोकळी भरलेली असते. तिथे काच उचकटली की पॅनेल सोबत येतं. मधली पोकळी मोकळी असेल तर हेअर ड्रायर पंधरा-वीस सेंटीमीटरवर धरून मिनिट-दोन मिनिटं कडा गरम करा, हाताला सोसेल इतपतच, आणि जुनं सिमकार्ड कडेने सरकवा. पातं नको.

स्क्रू जेआयएस या जपानी मानकाचे असतात. साधा फिलिप्स बिट त्यात घसरतो आणि डोकं गोल करतो. जेआयएसचा बिट एकदाच चांगला घ्या. स्क्रूंची लांबी वेगवेगळी असते, म्हणून कागदावर कॅमेऱ्याची बाह्याकृती काढून प्रत्येक स्क्रू आपल्या जागी डबल टेपवर चिकटवा. लांब स्क्रू आखूड जागी गेला तर आत बोर्डाला भोक पाडतो. एका वाटीत सगळे स्क्रू टाकणाऱ्यांना काय सांगायचं?

रिबन ओढू नका. आधी कनेक्टरचं लॉक बघा: काहींत पट्टी वर उचलायची असते, काहींत बाहेर सरकवायची. बसवताना रिबन सरळ, शेवटपर्यंत, मग लॉक. पांढरी स्क्रीन किंवा उड्या मारणारं चित्र दिसलं तर पॅनेलला शिव्या घालण्याआधी रिबन तिरकी बसलीय का ते बघा.

फेविक्विक अजिबात नको. त्याची वाफ आतून काचेवर पांढरा थर धरते आणि तो पुसून जात नाही. पातळ डबल टेप पुरते.

जुना गोंद आयसोप्रोपिल अल्कोहोलने काढा. नेलपॉलिश रिमूव्हर प्लॅस्टिक खातो. धूळ रबरी ब्लोअरने उडवा, तोंडाने फुंकलीत तर थुंकीचे कण आत कायमचे राहतील. ओरखड्यावर टूथपेस्ट घासू नका, काचेवरचा परावर्तन कमी करणारा लेप निघून जातो.

जुन्या डीएसएलआरची फक्त काच तडकली असेल आणि चित्र नीट दिसत असेल, तर उघडायची घाईच नाही. पारदर्शक टेप लावा म्हणजे काचेचे कण बोटात जाणार नाहीत, पावसात वापरू नका. तडकलेली टचस्क्रीन आपोआप मेन्यू उघडत असेल तर मेन्यूतून टच बंद करा. पुढे स्क्रीन पूर्ण गेली तरी चित्र व्ह्यूफाइंडरमधून दिसतंच, आणि सेटिंग बदलायची तर टीव्हीची केबल आहे.