सोलापुरात राहून फुल्ल आयर्नमॅन करायचीय, पण कुठली? आधी तारीख बघा

हाफ आयर्नमॅन (पोहणं, सायकल, पळणं एकामागं एक, फुल्लच्या निम्मं अंतर) झाली की महिन्याभरात माणसाला फुल्लची, म्हणजे ३.८ किलोमीटर पोहणं, १८० सायकल आणि ४२ पळणं याची खाज सुटते आणि मग ग्रुपवर विचारणा चालू, कुठली सोपी, कुठली स्वस्त, यंदा सगळे कुठं चाललेत. आपल्याकडं बहुतेकांची रेस अशीच ठरते, एकानं कझाकस्तानचं रजिस्ट्रेशन टाकलं की मागोमाग चार जण टाकतात. सोबत असावीच, नाही कशाला म्हणू, पण ते बाकीचे राहतात कुठं ते तरी बघा की राव. पुण्यातल्या माणसाला मे महिन्यात जमतं ते आपल्याला जमेलच असं नाही. रेस एका दिवसात संपते, तयारी मात्र सहा-आठ महिने आपल्याच गावात, आपल्याच उन्हात करायची असते.

म्हणून मी सांगतो, कोर्सचा नकाशा, मेडल, ड्रोनचे व्हिडीओ हे सगळं नंतर. आधी तारीख बघा. तारखेच्या अलीकडचे दोन-तीन आठवडे टेपरला, म्हणजे ट्रेनिंग कमी करत जायला, सोडा आणि त्याच्या मागचे तीन महिने धरा. लाँग राईड १५० किलोमीटरच्या पुढं, लाँग रन तीस किलोमीटरच्या आसपास, हे सगळं त्या तीन महिन्यांत येतं. आता ते तीन महिने सोलापुरात कुठले पडतात ते कॅलेंडरवर बघा, अर्धा निकाल तिथंच लागतो.

जूनच्या रेस घ्या. हॅम्बुर्ग, ऑस्ट्रियातलं क्लागेनफुर्ट, फ्रान्समधलं नीस, युरोपातल्या बऱ्याच नावाजलेल्या रेस जूनमध्ये असतात. म्हणजे आपले तीन महिने मार्च, एप्रिल, मे. पारा ४२-४३ वर, सहा तासांची राईड संपवून दहाच्या आत घरात यायचं तर पहाटे साडेतीनला सायकल काढायची, आणि तरीबी शेवटचा तास डांबर खालून भाजतंच. त्यात स्विमिंग पूलवर उन्हाळी शिबिरं चालू, एका लेनमध्ये दहा पोरं, आणि पाण्याची बोंब झाली की पूल कधी बंद राहील ते सांगता येत नाही, जिथं घरच्या नळाला चार-पाच दिवसांनी पाणी येतं तिथं पूलचं काय घेऊन बसलात. वर लग्नसराई. घरात ट्रेनर (सायकल जागच्या जागी चालवायचा स्टँड) आणि एसी असेल, आणि भिंतीकडं बघत पाच तास पेडल मारायची मनाची तयारी असेल तर जावा खुशाल. नसेल तर जूनचं युरोप पहिल्या फुल्लला नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

ऑगस्टच्या रेस आपल्याला कशा सोयीच्या आहेत हे लोकांच्या लक्षातच येत नाही. कझाकस्तानातलं अस्ताना, डेन्मार्कचं कोपनहेगन, स्वीडनमधलं काल्मार या ऑगस्टमध्ये. तयारीचा मे महिना तेवढा वाईट जातो, पण तो लवकर उठून कसाबसा काढला की जून-जुलै आपलेच. मुंबई-कोकणवाले तेव्हा पावसामुळं घरात ट्रेनरवर बसलेले असतात आणि आपल्याकडं नुसतं आभाळ भरून येतं, भुरभुर पडते, वारं सुटतं. आपला खरा पाऊस सप्टेंबरचा. पावसाची वाट बघणाऱ्या शेतकऱ्यासमोर हे बोलू नका, पण लाँग राईडला जुलैसारखा महिना नाही.

त्या वाऱ्याचाही उपयोग करून घ्या. जून-जुलैत पश्चिमेचं वारं असतं, पुणे रोडनं मोहोळकडं निघालात की ते सरळ तोंडावर येतं, २४ चा स्पीड धरायला जीव निघतो आणि येताना तीच सायकल आपोआप पस्तीसनं पळते. इथं शिकायचं ते एवढंच की जाताना स्पीड बघायचा नाही, जोर बघायचा, पॉवर मीटर असेल तर वॅट, नसेल तर हार्ट रेट. वाऱ्याची रेस घेतलेल्याला हे फार कामी येतं. फक्त आषाढीच्या आधी पंढरपूरच्या बाजूचे रस्ते विसरा, वारीत सायकल घालू नये. आणि नवरात्र ते कोजागिरी तुळजापूर रोड सोडा, कोजागिरीला तर अख्खा रस्ता चालत जाणाऱ्यांचाच असतो. नोव्हेंबर-डिसेंबरची रेस घेणाऱ्यांनी हे आधीच वहीत लिहून ठेवा, कारण त्यांच्या लाँग राईड नेमक्या तेव्हाच असतात.

आता पाणी. ३.८ किलोमीटरला साधारण २ तास २० मिनिटं कटऑफ असतो, तेवढ्यात बाहेर आला नाहीत तर रेस तिथंच संपली. हिशोब करा, पूलमध्ये शंभर मीटर ३ मिनिटांनी न थांबता जात असाल तर १ तास ५४ मिनिटं होतात, म्हणजे वाकडंतिकडं जायला, लाटेत थांबायला, कुणाची लाथ बसली तर सावरायला २६ मिनिटं शिल्लक. पुरतात. पण तुमचे शंभर मीटर साडेतीन मिनिटांचे असतील तर समुद्राची रेस घेऊ नका, आधी स्विमवर एक सीझन घाला.

आपल्याला समुद्र नाही, आणि सिद्धेश्वर तलाव किंवा कंबर तलाव ही काय पोहायची ठिकाणं नव्हेत, त्यामुळं खुल्या पाण्याची सवय करायला मालवण नाहीतर गोवा गाठावं लागतं. समुद्राची भीती असेल तर अस्तानाचं स्विम नदीत आहे, क्लागेनफुर्टचं तळ्यात सुरू होऊन कालव्यात संपतं, कोपनहेगनचं बंदिस्त लगूनमध्ये. ऑस्ट्रेलियातल्या बसेल्टनला समुद्र आहे खरा, पण तिथं १.८ किलोमीटर लांब लाकडी जेट्टी आहे, तिच्या कडेनं जायचं, टोकाला वळसा घालायचा आणि दुसऱ्या बाजूनं परत यायचं. सारखी मान वर काढून बोया (दिशा दाखवायला पाण्यावर सोडलेले तरंगते गोळे) शोधत बसावं लागत नाही, जेट्टी शेजारी दिसतच असते.

एक गंमत सांगतो. कच्च्या स्विमरला थंड पाण्याची रेस उलट सोपी जाते. पाणी २४.५ अंशांपर्यंत असेल तर वेटसूट (पोहायचा जाड रबरी सूट) चालतो, आणि वेटसूट माणसाला वर धरतो, बुडणारे पाय आपोआप वर येतात. मलेशियातल्या लंकावीला नाहीतर गोव्याला ते विसरा, पाणीच गरम. पण वेटसूट सोलापुरात घालायचा कधी? मेमध्ये पूलमध्ये घातलात तर उकडून निघाल. डिसेंबर-जानेवारीत सकाळी पूलचं पाणी बर्फासारखं लागतं तेव्हा घालून बघा, छातीवर आवळतो, खांदे लवकर भरतात, पहिल्यांदा श्वास कोंडल्यासारखा वाटतो. हे सगळं आधी कळलेलं बरं.

सायकलचा हिशोब तर लोक करतच नाहीत. सायकलचा कटऑफ बहुतेक ठिकाणी सुरुवातीपासून साडेदहा तास. स्विमला २ तास १० मिनिटं आणि कपडे बदलायला पंधरा मिनिटं धरली तर १८० किलोमीटरला उरतात ८ तास ५ मिनिटं. म्हणजे २२ च्या थोडं वर सरासरी, तीही पाणी भरायला थांबणं, लघवी, पंक्चर सगळं धरून. सपाट रस्त्यावर होऊन जातं. नीसला साधारण २४०० मीटर चढ आहे, तिथं आपली गोची होते, कारण सगळ्या बाजूंनी आपला मुलुख सपाट. तुळजापूरचा घाट तेवढा हाताशी आहे, तो खालीवर खालीवर करत बसा, तरी तो फार छोटा पडतो. एकूण वेळ सगळीकडं १७ तास असतो असंही धरून चालू नका, युरोपात काही ठिकाणी १५ किंवा १६ च असतो. अॅथलीट गाइडमध्ये तीन ओळीत लिहिलेलं असतं, वाचा.

उन्हाबद्दल जरा जास्त बोलतो कारण इथं आपला अहंकार आडवा येतो. "आम्हाला काय उन्हाचं सांगता, आम्ही सोलापूरचे" असं म्हणत गोव्याला गेलेले लै बघितलेत. आपलं ऊन कोरडं. घाम आला की उडून जातो, उडताना अंग गार करतो, राईडवरून आल्यावर जर्सीवर मिठाचे पांढरे नकाशे दिसतात ते त्याचंच. गोव्यात, लंकावीत हवेत आधीच इतकी वाफ असते की घाम उडतच नाही, नुसता गळतो, मोजे भिजतात, बुटातून पचक पचक आवाज येतो आणि अंग आतून तापतच जातं. पारा ३१ असतो आणि हाल ४० चे होतात. म्हणून दमट रेस घेतलीत तर रनचा पेस किलोमीटरमागं अर्धा-पाऊण मिनिट हळूच धरा, आणि आठ-दहा दिवस आधी तिथं पोचायला जमलं तर उत्तम. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये पाऊस उघडल्यावरच्या घामट दुपारी आपल्याकडंही मिळतात, त्या दुपारी मुद्दाम पळा. नुसतं उन्हाळ्यात पळून त्याची पुरती सवय होत नाही.

व्हिसाचं थोडक्यात. कझाकस्तानला भारतीयांना १४ दिवस व्हिसा लागत नाही, मलेशियानंही २०२६ अखेरपर्यंत सूट दिलीय, नियम बदलतात म्हणून तिकीट काढायच्या आधी परत बघून घ्या. युरोपसाठी बोटांचे ठसे द्यायला पुणे-मुंबईची फेरी, त्यात ट्रेनिंगचे दिवस जातात. रजिस्ट्रेशनचे पैसे सहसा परत मिळत नाहीत, पुढच्या वर्षी ढकलता येतं का तेवढं बघा.

हाफच अजून व्हायची असेल तर परदेशाचा विषयच नको. गोव्याची ७०.३ (हाफ आयर्नमॅनचंच नाव, मैलांतलं अंतर) आहे, कोल्हापूरला राजाराम तलावावरची बर्गमन ट्रायथलॉन आहे. दोन्हीकडं गाडीच्या मागं सायकल लावून जाता येतं, सायकल खोलायची, बॉक्समध्ये भरायची, तिथं जाऊन गिअर जुळवत बसायची कटकट नाही. आता सोलापूरहून गोव्याचं विमानही सुरू झालंय, पण विमान छोटं आहे, सायकलचा बॉक्स घेतील का ते आधी फोन करून विचारा. रोड ट्रिपला कडक भाकरी आणि शेंगा चटणी तरी बिनधास्त नेता येते.

फुल्लसाठी माझं मत विचाराल तर स्विम कच्चं असेल तर अस्ताना, नदी आहे, रस्ता सपाट, आपल्या पावसाळ्याशी जुळते. स्विम बरं असेल आणि खिसा जरा मोकळा असेल तर डिसेंबरची बसेल्टन, सप्टेंबरचा पाऊस तेवढा सांभाळला तर सप्टेंबर ते नोव्हेंबर हे महिनेही सोलापुरात ट्रेनिंगला बरे आणि रस्ता आपल्यासारखाच सपाट आणि वाऱ्याचा. लंकावी नोव्हेंबरमध्ये असते आणि खर्चाला परवडते म्हणून सगळे पळतात, पण चढ, दमट हवा आणि वेटसूट नाही हे तिन्ही एकदम येतं, तिला दुसऱ्या फुल्लसाठी ठेवा.